चिप सापडत नाही म्हणून बिटलॉकर अडतंय? आधी ती कधी गायब होते ते बघा

लॅपटॉप नीट चालतो, टॅली उघडतं, जीएसटीचं पोर्टल चालतं. पण डिस्क एन्क्रिप्ट करायला, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही अशी करायला, विंडोजमधलं बिटलॉकर सुरू केलं की विंडोज अडतं. या मशीनवर ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल (टीपीएम, म्हणजे एन्क्रिप्शनच्या चाव्या सांभाळणारी चिप) वापरता येत नाही, असा निरोप देतं. तिची स्थिती दाखवणारं ‘टीपीएम.एमएससी’ उघडून बघावं तर तिथेही ‘कम्पॅटिबल टीपीएम कॅनॉट बी फाउंड’. मग फोन येतो, “भाऊ, चिप दिसत नही, आते काय करू?” आणि तोवर कोणीतरी सांगून मोकळं झालेलं असतं की मदरबोर्ड गेला.

मदरबोर्ड क्वचितच गेलेला असतो. जळगाव, अमळनेर, धुळ्याकडच्या छोट्या ऑफिसांचे लॅपटॉप सांभाळताना मला दिसत आलंय ते असं की चिप जागेवर असते. कुठे ती बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बंद केलेली असते, कुठे लपवलेली, कुठे अडकून बसलेली, तर कुठे मशीन चालू होण्याच्या, म्हणजे बूटच्या, जुन्या पद्धतीमुळे विंडोजला तिचा उपयोग करता येत नाही. यातलं नेमकं काय झालंय ते ओळखायचं असेल तर पहिला प्रश्न ‘चिप आहे का’ हा विचारू नका. ‘चिप कधी दिसत नाही’ हे विचारा. पहिल्या दिवसापासूनच नाही? स्लीपमधून उठवल्यावर नाही? दोन दिवस प्लग काढून ठेवल्यावर नाही? की बायोस अपडेट झाल्यापासून नाही? हे उत्तर मिळालं की अर्धं काम झालं. ते न विचारता सेटिंगं उलटसुलट केली की आज सुटलेला प्रश्न आठवड्याने पुन्हा दारात.

आणि हा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. कर सल्लागाराच्या एका लॅपटॉपात शेकडो लोकांचे पॅन, आधार, बँक पासबुकांचे स्कॅन असतात. भुसावळ जंक्शनला गाडी बदलताना बॅग गेली तर विंडोजचा पासवर्ड काही उपयोगाचा नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फायली उघड्या. एन्क्रिप्शन असेल तरच तो डेटा बंद राहतो.

काहीही करण्याआधी: रिकव्हरी की

पुढे सांगितलेल्या बहुतेक उपायांत बायोसला हात लागतो. आधीच एन्क्रिप्ट झालेल्या डिस्कवर बायोस बदललं की बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की (डिस्क उघडायची राखीव चावी) मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा परत मिळत नाही. इथे कोणाचीही ओळख चालत नाही, कोणताही दुरुस्तीवाला काही करू शकत नाही.

‘माझ्या डिस्कवर एन्क्रिप्शनच नाही’ असं गृहीत धरू नका. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकली आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं तर बहुतेक लॅपटॉपांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा. सी ड्राइव्हपुढे ‘फुली डिक्रिप्टेड’ दिसलं तर निर्धास्त पुढे जा. ‘एन्क्रिप्टेड’ दिसलं तर ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:’ चालवा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट दिसतील, तीच की. कागदावर उतरवून घ्या किंवा छापून घ्या आणि कपाटात ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली की अडल्या वेळी उघडणार कशी? लॅपटॉप चालूच होत नसेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर रिकव्हरी कीचा विभाग असतो, तिथे बघा. ऑफिसच्या खात्याने जोडलेला असेल तर की ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे मिळेल.

त्यानंतर बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा. कंट्रोल पॅनेलच्या बिटलॉकर विभागात ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ असतं. याने डिस्क डिक्रिप्ट होत नाही, फक्त बायोसमधला बदल बिटलॉकर तेवढ्यापुरता मुकाट्याने स्वीकारतं. हे स्थगन सहसा पुढच्या रीस्टार्टनंतर आपोआप उठतं, त्यामुळे कामात दोन-तीन रीस्टार्ट होणार असतील तर प्रत्येक वेळी तपासा.

पहिल्या दिवसापासून दिसत नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात सोपा असतो. आपल्याकडे मुंबईहून किंवा सुरतेहून आणलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप भरपूर चालतात. कंपन्यांनी वापरून काढलेली मशीनं, दणकट असतात, पण मधे कोणीतरी बायोस डिफॉल्टवर नेलेलं असतं किंवा जुनं विंडोज बसवायला टीपीएम बंद केलेलं असतं.

बायोसमध्ये जायला चालू होतानाच एफ२ दाबत राहा. एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१, काही मशीनवर डिलीट. आत गेल्यावर अडचण अशी की प्रत्येक कंपनीने या गोष्टीला वेगळं नाव दिलंय. इंटेल प्रोसेसर असेल तर ‘पीटीटी’ किंवा ‘प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी’ शोधा. एएमडी असेल तर ‘एफटीपीएम’. थिंकपॅडवर ‘सिक्युरिटी चिप’ असं सरळ लिहिलेलं असतं. डेलवर सिक्युरिटी विभागात ‘टीपीएम ऑन’ची खूण असते. एचपीवर ‘टीपीएम डिव्हाइस’ पुढे ‘हिडन’ की ‘अव्हेलेबल’ असा पर्याय असतो. हिडन असेल तर चिप शाबूत असूनही विंडोजला तिचा मागमूस लागत नाही. काही मशीनवर हे पर्याय ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत दडलेले असतात आणि काहींवर बायोसचा सुपरवायझर पासवर्ड टाकल्याशिवाय बदलता येत नाहीत. जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असेल तर ज्याच्याकडून मशीन घेतलं त्यालाच गाठा. विकत घेतानाच बायोस उघडून बघणं केव्हाही बरं.

बदल केल्यावर एफ१० ने सेव्ह करा आणि मशीन पूर्ण बंद करून चालू करा. नुसतं ‘शट डाउन’ पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज अर्धवट झोपलेलंच राहतं. शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउन करा, किंवा सरळ रीस्टार्ट घ्या.

आता ‘टीपीएम.एमएससी’मध्ये ‘द टीपीएम इज रेडी फॉर यूज’ दिसलं आणि खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० असेल तर बिटलॉकर सुरू होण्यात या बाजूने अडचण नाही. १.२ दिसलं तरी बिटलॉकर चालतं, २.० ची सक्ती विंडोज ११ ला आहे. मायक्रोसॉफ्टने जुलै २०१६ नंतर विंडोज १० सह बाजारात आणल्या जाणाऱ्या नव्या मॉडेलांना २.० बंधनकारक केलं होतं, म्हणून त्यानंतरच्या लॅपटॉपात ‘चिपच नाही’ हे उत्तर मी सहजासहजी मान्य करत नाही.

दिसते, पण ‘रेडी’ नाही

इथे बहुतेकदा बूट पद्धत नडते. टीपीएम २.० ला यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, लागतं. बायोस ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ या जुन्या पद्धतीवर असेल तर चिप असूनही बिटलॉकरला तिचा भरवसा धरता येत नाही. मशीनची माहिती दाखवणारं ‘एमएसइन्फो३२’ उघडा आणि ‘बायोस मोड’पुढे काय आहे ते वाचा.

लेगसी असेल तर घाईने बायोसमध्ये जाऊन यूईएफआय करू नका. डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली असेल तर मशीन विंडोजपर्यंत पोचणारच नाही आणि समोर काळा पडदा येईल. आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस’ चालवा. तपासणी पास झाली तर त्याच आज्ञेत व्हॅलिडेटच्या जागी ‘कन्व्हर्ट’. हे साधन विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर तपासणी नापास होते. कॅफेवाल्याने सी, डी, ई, एफ पाडून दिलेले असतील तर हे हमखास निघतं. अशा वेळी एक पार्टिशन रिकामं करून काढावं लागेल. डिस्क आधीच एन्क्रिप्ट असेल तर बदलाआधी बिटलॉकर स्थगित करा. कन्व्हर्ट झालं की मग बायोसमध्ये यूईएफआय निवडा.

दुसरं कारण लॉकआउट. चुकीचा पिन किंवा पासवर्ड वारंवार गेला की चिप स्वतःला कुलूप लावते. विंडोजने लावलेल्या हिशोबाने टीपीएम २.० बत्तीस चुकांनंतर बंद होतं आणि दर दहा मिनिटांनी एक चूक विसरतं. पॉवरशेलमध्ये ‘गेट-टीपीएम’ चालवलं की ‘लॉक्डआउट’पुढे ट्रू की फॉल्स ते कळतं. ट्रू असेल तर लॅपटॉप चालू ठेवून थांबा, बंद करून ठेवण्याने काही साधत नाही.

आणि मग ‘क्लिअर टीपीएम’. इंटरनेटवर हा उपाय सगळ्यात आधी सांगतात, मी तो सगळ्यात शेवटी ठेवतो. चिप क्लिअर केली की तिच्यातल्या चाव्या पुसल्या जातात. विंडोज हॅलोचा पिन पुन्हा लावावा लागतो, ऑफिसच्या मेलची साइन-इन अडू शकते, आणि डिस्क एन्क्रिप्ट असेल तर रिकव्हरी की लागते. की हातात असेल आणि बिटलॉकर स्थगित असेल तरच करा. बायोसमधून न करता विंडोज सिक्युरिटीच्या ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ विभागातून करा.

मधूनच गायब होते

या प्रकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याच्यामुळेच लोक हैराण होतात. दुरुस्त करून दिलेलं मशीन पुन्हा येतं आणि मग मदरबोर्डवर खापर फुटतं.

एक म्हणजे स्लीपनंतर गायब होणं. मशीन झोपेतून उठतं आणि चिप प्रतिसाद देत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत ‘टीपीएम’ या नावाने १५ क्रमांकाची चूक असेल तर ड्रायव्हरला चिपच्या हार्डवेअरमध्ये चूक आढळलीय, असा त्याचा अर्थ. यावर पहिला उपाय म्हणजे उरलेली वीज काढणं. पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून चालू करा. आतल्या बॅटरीच्या लॅपटॉपात काही कंपन्या बायोसमध्येच बॅटरी तोडण्याचा पर्याय देतात, तो वापरा. नसेल तर खालचं झाकण काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवावा लागतो आणि ते काम सवयीच्या माणसाकडून करून घ्यावं. वेगळी बसवलेली चिप याने बरेचदा परत दिसते. पण परत दिसली म्हणजे बरी झाली असं समजू नका. कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचं नवं बायोस आणि टीपीएमचं फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) टाका, तरच हे थांबतं. आणि बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला हवा, बॅटरी भरलेली हवी. आपल्याकडे दुपारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही. अपडेट मधेच तुटलं तर त्या वेळी मात्र मदरबोर्ड खरंच जातो.

दुसरं म्हणजे प्लग काढून ठेवल्यावर गायब होणं. अमळनेरच्या एका ऑफिसातला लॅपटॉप याचं अगदी चपखल उदाहरण होता. शनिवारी संध्याकाळी बंद करून प्लग काढायचे, रविवारी ऑफिस बंद, सोमवारी चालू केला की बिटलॉकर की मागायचं. की टाकून आत जावं तर टीपीएम गायब. बायोसमध्ये पीटीटी चालू केलं की आठवडाभर सगळं सुरळीत, पुन्हा सोमवारी तेच. तिथल्या बाईंनी सहज सांगितलं, “सर, सोमवारी तारीखपण चुकीची येते, वेबसाइट उघडत नाहीत.” त्या एका वाक्यात सगळं उत्तर होतं.

मदरबोर्डवर एक बटणाएवढी बॅटरी असते, बायोसचं घड्याळ चालवणारी. लॅपटॉपात ती बहुधा सीआर२०३२ किंवा सीआर२०१६ असते, दोन वायरी आणि छोटा कनेक्टर लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. मशीन जुनं झालं की ती उतरते. मुख्य बॅटरीही मेलेली असेल तर प्लग काढल्याबरोबर घड्याळाला वीज उरत नाही, आणि अनेक मॉडेलं अशा वेळी बायोस डिफॉल्टवर नेतात. जुन्या डिफॉल्टमध्ये पीटीटी बंद. बिटलॉकरला वाटतं मशीनमध्ये कोणीतरी ढवळाढवळ केली, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असतं. त्या लॅपटॉपची बटण-बॅटरी मल्टिमीटरवर मोजली तर तीन व्होल्टच्या जागी दोनच्या जवळ होती. ती बदलली, बायोसमध्ये तारीख, यूईएफआय, सिक्युअर बूट (खात्रीचं सॉफ्टवेअरच चालू होऊ देणारी सोय) आणि पीटीटी पुन्हा लावलं, आणि सोमवारचा प्रकार थांबला. काही पातळ लॅपटॉपांत ही वेगळी बॅटरी नसते, घड्याळ मुख्य बॅटरीवरच चालतं. तिथे मुख्य बॅटरी बदलणं हाच उपाय.

म्हणून गायब होणाऱ्या चिपबरोबर घड्याळही मागे पडतंय का, हे जरूर बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीत ठेवलेल्या लॅपटॉपच्या सगळ्याच बॅटऱ्या लवकर उतरतात.

चिप ‘रेडी’ आहे, तरी एन्क्रिप्शन सुरू होत नाही

इथे चिपचा दोष नसतो, पण निरोप वाचून तसं वाटतं. ‘एमएसइन्फो३२’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, सगळ्यात खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन सपोर्ट’ अशी ओळ असते. तिच्यात कारण स्पष्ट लिहिलेलं सापडतं. ‘पीसीआर७ बाइंडिंग’बद्दल (ही सिक्युअर बूटशी निगडित गोष्ट) काही असेल तर आधी बायोसमधलं सिक्युअर बूट बंद आहे का ते बघा. रिकव्हरी विभाग तयार नाही असं म्हणत असेल तर ‘रीएजंटसी /इन्फो’ चालवून बघा आणि बंद असेल तर ‘रीएजंटसी /एनेबल’. बूट होणारी सीडी आत राहिली असेल तरी बिटलॉकर नकार देतं, ती काढा. आणि विंडोज होम असेल तर संपूर्ण बिटलॉकर तिच्यात नसतंच. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ दिसतं का ते शोधा. दिसत नसेल तर प्रो घ्यावं लागेल.

चिपशिवाय चालवायचं का?

प्रो आवृत्तीत चालवता येतं. ‘जीपीएडिट.एमएससी’मध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन, ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्ह्ज असं आत जा. ‘रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप’ चालू करा आणि टीपीएमशिवाय परवानगीची खूण करा. मग प्रत्येक वेळी चालू करताना पासवर्ड टाकावा लागतो किंवा पेनड्राइव्ह लावावा लागतो.

दहा-बारा वर्षं जुन्या मशीनसाठी, ज्यात खरंच चिप नाही, हा मार्ग चांगलाच आहे आणि मी तो मनापासून सुचवतो. पण ज्या लॅपटॉपात चिप आहे आणि नुसती रुसलीय तिथे आळसाने हा मार्ग धरू नका. ऑफिसात तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवला जातो किंवा पेनड्राइव्ह लॅपटॉपच्याच बॅगेत राहतो, आणि बॅग गेली की दोन्ही एकदम जातं. निवडायचाच असेल तर पासवर्ड निवडा, मोठा ठेवा, चिठ्ठी करू नका.

उबुंटू किंवा दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांना ही अडचण कमी येते, कारण लिनक्सचं लक्स एन्क्रिप्शन मुळात पासफ्रेजवर (लांब पासवर्डवर) चालतं आणि चिप ही जोड म्हणून येते. चिप दिसते का ते बघायला ‘एलएस /डेव्ह/टीपीएम*’ पुरेसं आहे. काहीच आलं नाही तर वर सांगितलेला बायोसचाच रस्ता.

खरंच चिप गेली असेल तर

बायोस नवं, यूईएफआय चालू, घड्याळाची बॅटरी ठीक, उरलेली वीज काढून झाली, तरीही बायोसमध्येच टीपीएमची ओळ दिसत नाही किंवा चालू होताना चूक दाखवते, तर चिप गेली असं मानायला हरकत नाही. लॅपटॉपात ती मदरबोर्डवर डकवलेली असते, डेस्कटॉपसारखं वेगळं मॉड्यूल घेऊन खोचता येत नाही. पीटीटी आणि एफटीपीएम हे प्रोसेसर-चिपसेटच्या फर्मवेअरमध्येच असतात, त्यामुळे तिथे एकटी चिप मरण्याचा प्रश्न नाही, बायोस पुन्हा टाकून बघणं हाच शेवटचा उपाय.

वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला देताना नुसतं ‘बिटलॉकर चालत नाही’ असं लिहून देऊ नका. ते विंडोज नव्याने टाकून परत पाठवतात आणि प्रश्न तसाच राहतो. ‘बायोसमध्ये टीपीएम सापडत नाही’ असं लिहा, बायोसच्या पानाचा फोटो जोडा, इव्हेंट १५ असेल तर त्याचाही. चिप कधी गायब होते तेही एका ओळीत लिहा. बोर्ड बदलला तर एन्क्रिप्ट केलेली डिस्क नव्या बोर्डावर रिकव्हरी की मागणारच, म्हणून मशीन देण्याआधी बॅकअप घ्या आणि की स्वतःकडे ठेवा, काउंटरवर देऊ नका. बोर्ड बदलून आल्यावर की टाकून आत जा, बिटलॉकर एकदा स्थगित करून पुन्हा चालू करा. नवी चिप डिस्कशी जोडली जाते आणि पुढच्या वेळी की मागत नाही.